तुमचे प्रश्न : स्लोउप गावाची नदी जाते कुठे?

मागच्या अंकात चेक रिपब्लिकमधल्या मोरावियन कार्स्टवर, म्हणजे मोराविया प्रांतातल्या चुनखडीच्या, गुहांनी पोखरलेल्या प्रदेशावर लिहिलं होतं, त्यात स्लोउप नावाच्या गावाबद्दल दोन ओळी होत्या. गावाजवळ ओढा जमिनीत शिरतो आणि बाजूच्या गुहेत निअँडरथल माणसाचे, म्हणजे आता नामशेष झालेल्या आदिमानवाचे, अवशेष सापडले, एवढंच. यावेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याच दोन ओळींवर आहेत, मात्सोखाच्या प्रसिद्ध दरीवर नाहीत, आणि याचा मला मनापासून आनंद झाला. त्यामुळे यावेळचं सदर पूर्ण स्लोउपला देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : हे गाव नेमकं आहे कुठे आणि एवढं काय आहे त्यात? नकाशावर शोधावं लागलं.

दक्षिण मोरावियात, बर्नो शहराच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवर. जवळचं मोठं गाव ब्लान्स्को. स्लोउपची वस्ती हजाराच्या आसपास, एक मोठं बरोक चर्च, आजूबाजूला जंगल, आणि चुनखडीचा एक सुळका, ह्रेबेनाच म्हणतात त्याला, १९ मीटर उंच, आजूबाजूचा सगळा खडक पाण्याने खाऊन टाकला आणि हा एकटा उभा राहिला असा. फोटोत बघितलं तर वाटतं कोणीतरी मुद्दाम आणून उभा केलाय. गुहेचं तोंड तिथून अगदी जवळ.

आता एवढं काय आहे त्यात, तर माझं म्हणणं असं की या गावाचा इतिहास जमिनीवर अर्धाच आहे. पाणी खाली गेलं, मग पाण्यामागे माणसं गेली, संशोधक गेले, युद्धात सैन्य गेलं, आणि प्रत्येकाने खाली काहीतरी ठेवलं किंवा मोडलं. वरचं गाव बघून परत आलात तर अर्धं गाव बघायचं राहिलं.

प्रश्न : ओढा जमिनीत शिरतो म्हणजे काय? आटतो का? आणि मग ते पाणी जातं कुठे?

आटत नाही, तिथेच तर खरी गंमत आहे. जरा सविस्तर सांगते कारण हे कळलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

मोरावियन कार्स्ट म्हणजे चुनखडीचा एक अरुंद पट्टा, लांबी साधारण २५ किलोमीटर आणि रुंदी जेमतेम ३ ते ५. ही चुनखडी डेव्होनियन काळातली, म्हणजे ३५ कोटी वर्षांहूनही जुनी, तेव्हा तिथे उथळ उबदार समुद्र होता. या पट्ट्याच्या पूर्वेला आणि उत्तरेला द्राहान्स्का नावाचा डोंगराळ भाग आहे आणि तिथला खडक वेगळा, वालुकाश्म आणि शेलसारखा, त्यात पाणी फारसं मुरत नाही, म्हणून तिथे ओढे नेहमीसारखे जमिनीवरून वाहतात. लुहा आणि झ्द्यार्ना असे दोन ओढे स्लोउपला येऊन मिळतात, त्यांचा मिळून स्लोउपचा ओढा होतो, आणि मिळाल्यावर थोड्याच अंतरावर त्याच्या पायाखालचा खडक बदलतो. इथून चुनखडी सुरू.

पावसाचं पाणी हवेतला आणि मुख्य म्हणजे मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी त्यात हळूहळू विरघळते. भेगा रुंद होतात, भेगांची भुयारं होतात, भुयारांच्या गुहा होतात, आणि एक दिवस ओढ्याला वरून वाहण्यापेक्षा खालून जाणं सोपं वाटतं. स्लोउपला हेच झालं. ओढा गुहांपाशी येतो आणि खालच्या मजल्यावर उतरून दिसेनासा होतो. पुढे वरती जी दरी आहे, पुस्ती झ्लेब, ती उंच कड्यांची खरीखुरी नदीची दरी आहे पण तिच्यात बहुतेक वेळ नदीच नाही. नदीने दरी कोरली आणि मग स्वतः तळघरात राहायला गेली.

होल्श्टेन नावाचं याहूनही लहान गाव पूर्वेला आहे, तिथे बीला वोदा नावाचा दुसरा ओढा असाच गडप होतो. हे दोन ओढे जमिनीखाली अंधारात एकमेकांना मिळतात आणि तिथून पुढे नदीचं नाव पुंक्वा. ही पुंक्वा उजेडात पहिल्यांदा दिसते ती मात्सोखाच्या तळाशी, १३८ मीटर खोल त्या दरीत, तिथल्या दोन तळ्यांत, मग परत खाली जाते आणि काही अंतरावर पुंक्वा गुहांच्या तोंडातून कायमची बाहेर पडते. पुढे ब्लान्स्कोजवळ स्वितावा नदीला मिळते, आणि तिथून नद्या बदलत बदलत ते पाणी डॅन्यूबपर्यंत जातं.

म्हणजे मात्सोखाच्या तळाशी टुरिस्ट बोटीत बसून जे पाणी बघतात त्यातलं बरंचसं स्लोउपवरून आलेलं असतं. हे तिथे उभं असताना माहीत असेल तर बघण्यात फरक पडतो, निदान मला तरी तसं वाटतं.

प्रश्न : गुहेत सगळ्यात आधी कोण गेलं? कोणी एका माणसाने शोध लावला का?

गावाशेजारी एवढं मोठं तोंड उघडं असताना "शोध" कोणी एकाने लावला असं म्हणताच येत नाही. गावकऱ्यांना गुहा माहीतच होत्या. लिहून ठेवण्याइतका अभ्यास मात्र अठराव्या शतकात झाला. १७४८ साली व्हिएन्नाच्या दरबारातला गणितज्ञ योसेफ अँटन नागेल, सम्राट पहिला फ्रान्सिस म्हणजे मारिया थेरेसाचा नवरा, त्याच्या सांगण्यावरून इथे आला, गुहा बघितल्या, रिपोर्ट लिहिला. आजही स्लोउपच्या गुहेतल्या एका खोल खड्ड्याला त्याचं नाव आहे. त्याच्या आधी १७२३ मध्ये लाझारुस शॉपर नावाचा बर्नोचा एक मिनोराइट (फ्रान्सिस्कन पंथातला ख्रिस्ती) साधू मात्सोखाच्या तळापर्यंत उतरला होता, तिथे उतरलेला माहीत असलेला पहिला माणूस तोच.

मग एकोणिसाव्या शतकात डॉक्टर यिंद्रिख वांकेल. ब्लान्स्कोला साल्म घराण्याचे लोखंडाचे कारखाने होते, हा तिथला डॉक्टर, आणि उरलेला सगळा वेळ गुहांत. स्लोउपच्या गुहांत गुहा-अस्वलांची हाडं ढिगाने होती, ही अस्वलं हिमयुगातली, आताच्या अस्वलापेक्षा बरीच मोठी, हिवाळ्यात झोपायला गुहेत यायची आणि काही उठायचीच नाहीत, अशा हजारो हिवाळ्यांची हाडं साठलेली. वांकेलने ती काढली, जुळवली, सांगाडे उभे केले. १८७२ मध्ये त्यानेच याच कार्स्टमधल्या बीची स्काला गुहेत लोहयुगातला मोठा साठा उकरला, सुमारे ४० माणसांचे सांगाडे, दागिने, धान्य, रथाचे भाग, आणि तिथे नेमकं काय घडलं होतं यावर अजूनही वाद आहेत. पण तो वेगळाच विषय आहे, त्यावर कधीतरी पूर्ण सदर करू.

एक गोष्ट मला विशेष आवडते. वांकेलचा नातू कारेल अब्सोलोन. आजोबांनी अस्वलं काढली, नातवाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुंक्वा गुहा उलगडल्या, १९१४ मध्ये आतून कोरड्या वाटेने मात्सोखाच्या तळाशी पोचला, आणि १९३३ पासून पाण्यातली वाटही बोटीने लोकांसाठी खुली झाली. एकाच घरातल्या माणसांनी एकाच नदीचा पिढ्यानपिढ्या पाठलाग केला.

आणि हो, सगळे डॉक्टर प्रोफेसरच नव्हते. शेजारच्या ओस्त्रोवजवळची बाल्त्सार्का गुहा आतपर्यंत खोदत नेली ती योसेफ शमालीक या ओस्त्रोवच्या शेतकऱ्याने, १९२० च्या दशकात, जो पार्लमेंटमध्येही होता. दिवसभर शेती, मग राजकारण, आणि वर गुहा खोदणं, मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

प्रश्न : निअँडरथल माणसाबद्दल अजून सांगा. आणि गुहेत काँक्रीट आहे असं कुठेतरी वाचलं, हे खरं आहे का?

दोन्ही एकाच गुहेच्या गोष्टी आहेत, तिचं नाव कूल्ना. स्लोउपच्या गुहांचाच भाग, पण वेगळी, म्हणजे अंधारी अरुंद नाही, दोन्ही बाजूंनी उघडा असलेला मोठा बोगदाच, जवळजवळ ९० मीटर लांब, तोंडाशी भरपूर उजेड, वर छत, पाणी जवळ. कुठल्याही काळातल्या माणसाने राहायला निवडावी अशीच जागा, आणि माणसांनी खरंच ती पुन्हा पुन्हा निवडली. एक लाख वर्षांहून जुने थर आहेत तिथे. खाली निअँडरथल लोकांची दगडी हत्यारं, मग बऱ्याच वर आपल्यासारख्या माणसांचे थर, आणि हिमयुगाच्या शेवटी रेनडिअर आणि घोड्यांच्या मागे फिरणारे शिकारी. प्रत्येक वस्ती गेली की वर माती, दगड, धूळ साचत गेली आणि पुढची वस्ती त्या मातीवर बसली.

वांकेलने १८८० मध्ये इथे खणायला सुरुवात केली, मग मार्टिन क्रीझ, यान क्नीस वगैरेंनी. आणि मग दुसरं महायुद्ध. मोराविया जर्मनांच्या ताब्यात, दोस्त राष्ट्रांचे बाँबहल्ले वाढले तसे जर्मनांनी कारखाने जमिनीखाली हलवायला सुरुवात केली, आणि युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात कूल्ना गुहेत युद्धसामग्रीचा कारखाना थाटला. त्यासाठी सपाट जमीन हवी, म्हणून वरचे थर सरळ कापून काढले आणि काँक्रीट ओतलं. मशीन ठेवायला जागा झाली आणि हजारो वर्षांची माती गेली. त्या थरांत काय होतं हे आता कधीच कळणार नाही. बीची स्काला आणि विपुस्तेक या गुहांचंही तेच केलं.

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवायचं काही कारण नाही. बाँबने पडलेलं चर्च परत बांधता येतं, जुने फोटो बघून, नकाशे बघून. मातीचा थर एकदा उपसला की त्यातली कुठली वस्तू कुठल्या वस्तूच्या शेजारी होती ही माहिती संपली, आणि पुरातत्त्वात खरी माहिती तीच असते.

पण सगळं गेलं नव्हतं. बर्नोच्या मोरावियन म्युझियमचे कारेल वालोख यांनी १९६१ पासून १९७६ पर्यंत, तब्बल पंधरा वर्षं, जे थर वाचले होते ते शांतपणे खणले. १९६५ मध्ये निअँडरथल माणसाच्या वरच्या जबड्याचा तुकडा सापडला, दातांसकट. तो थर साधारण ५० हजार वर्षांपूर्वीचा. युरोपात निअँडरथल संपत आले होते त्याच्या थोडं आधीचा काळ, म्हणून हा तुकडा लहान असला तरी महत्त्वाचा. आज स्लोउपच्या गुहांची गाईडेड टूर कूल्नामधूनच बाहेर पडते, तर तिथे घाई करून उजेडाकडे धावू नका, थांबून पायाखाली आणि बाजूच्या भिंतीकडे बघा.

प्रश्न : एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कसं?

यात्रेमुळे. दुःखी माता मरियमचं हे चर्च १७५१ ते १७५४ मध्ये बांधलं, तेव्हा हा भाग रायेत्सच्या रोगेनडॉर्फ सरदारांच्या जहागिरीत होता, आणि स्लोउप तीर्थक्षेत्र झाल्यावर येणाऱ्या गर्दीच्या मानाने ते बांधलं. म्हणजे नागेल गुहा बघून गेला आणि तीनच वर्षांत चर्चचं काम सुरू झालं. आकार गावाच्या लोकसंख्येवरून नाही ठरवला, येणाऱ्या यात्रेकरूंवरून ठरवला.

प्रश्न : गुहेत बुडून तरुण मुलं मेल्याचं वाचलं. जीव धोक्यात घालून हे लोक आत का जातात? सरकार बंदी का घालत नाही?

हा प्रश्न एका आईने विचारलाय, त्यामुळे नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

१९६९ च्या जानेवारीत बर्नोच्या हौशी गुहा-संशोधकांनी ओस्त्रोवच्या भागातल्या एका खळग्यातून खणत खणत खाली वाट काढली आणि त्यांना प्रचंड मोठी गुहा लागली. हौशी लोकांनी शोधली म्हणून नावच अमातेर्स्का. वर मी जे म्हटलं की स्लोउपचा ओढा आणि बीला वोदा खाली एकत्र होतात, ती जागा माणसाने पहिल्यांदा पाहिली ती या लोकांमुळे, तोवर तो नुसता अंदाज होता. पुढे अनेक वर्षांच्या कामाने ही गुहा स्लोउपच्या गुहांशी जोडली गेली आणि आज ही सगळी सिस्टीम ३५ किलोमीटरच्या वर आहे, चेक रिपब्लिकमधली सगळ्यात लांब.

१९७० च्या ऑगस्टच्या शेवटी, शोध लागून दोन वर्षंही झाली नव्हती, आत टीम असताना वर जोरदार वादळी पाऊस झाला. कार्स्टमध्ये पूर कसा येतो ते समजून घ्या. वर नदी फुगते ती दिसते, माणूस मागे सरकतो. खाली मात्र डोक्यावर काय चाललंय ते कळत नाही, द्राहान्स्का डोंगरावर पडलेला पाऊस गडप होण्याच्या जागांतून एकदम आत घुसतो, भुयार अरुंद असेल तिथे पाणी तुंबतं आणि छतापर्यंत भरतं. दोन तरुण त्यात गेले.

बेफिकीर होते म्हणून गेले असं मी तरी म्हणणार नाही. ते मोजमाप करत होते, नकाशे काढत होते, आणि त्या नकाशांवरच आज पाण्याचं संरक्षण उभं आहे. अमातेर्स्का आजही टुरिस्टांसाठी नाही, परवानगी असलेल्या संशोधकांनाच जाता येतं, आणि आत जायच्या आधी हवामान बघणं हा पहिला नियम. तुमच्या मुलाला हा नाद लागला असेल तर बंदी घालू नका, एखाद्या नोंदणीकृत क्लबमध्ये घाला जिथे जुनी माणसं "आज आत जायचं नाही" असं ठणकावून सांगतात.

प्रश्न : संरक्षित क्षेत्र म्हणजे गावकऱ्यांवर बंधनं. शेतकऱ्यांनी काय करायचं?

बंधनं आहेत हे खरंय. १९५६ पासून मोरावियन कार्स्ट संरक्षित आहे, ९० चौरस किलोमीटरच्या वर. आणि ओस्त्रोव, विलेमोवित्से या पठारावरच्या गावांत शेतं आहेत, त्या शेतांत खळगे आहेत, बशीसारखे, काही मोठे काही लहान. प्रत्येक खळगा म्हणजे खालच्या गुहेचं धुराडं समजा.

आपल्याला सवय असते की पाणी जमिनीत मुरताना गाळलं जातं. चुनखडीत ते होत नाही. शेतात टाकलेलं खत, कीटकनाशक, खळग्यातून सरळ गुहेत, गुहेतून नदीत. कम्युनिस्ट राजवटीत छोटी शेतं एकत्र करून मोठी सामुदायिक शेतं केली तेव्हा ट्रॅक्टरला आडवे येतात म्हणून असे कितीतरी खळगे माती आणि कचरा टाकून बुजवले गेले. त्यातलं सगळं हळूहळू खाली जात राहिलं. गुहेतल्या थेंबांत नायट्रेट मोजता येतं, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. म्हणून आता खळग्यांच्या भोवती नांगरट बंद करून गवत ठेवायचं, खतांवर मर्यादा घालायच्या असं चाललंय, आणि त्यात शेतकऱ्याचं उत्पन्न कमी होतं. हा तोटा एकट्या शेतकऱ्याने सोसायचा नाही, त्याला भरपाई मिळायलाच हवी, कारण त्याच्या गवताचा फायदा गुहा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आहे. पण "माझी जमीन, मी काहीही टाकेन" हे कार्स्टमध्ये चालत नाही. तिथे जमिनीला तळच नाही.

प्रश्न : जायचं असेल तर कसं, कधी, किती वेळ ठेवायचा?

बर्नोहून ट्रेनने ब्लान्स्को, अर्ध्या तासाच्या आसपास, आणि तिथून बस. गुहांत वर्षभर ७-८ अंश तापमान आणि हवा पूर्ण ओली, त्यामुळे बाहेर कितीही ऊन असलं तरी जॅकेट आणि घसरणार नाहीत असे बूट हवेतच. याच ओल्या, धूळ नसलेल्या हवेमुळे श्वासाचा त्रास असलेल्या मुलांच्या उपचारासाठीही इथल्या गुहा वापरल्या गेल्यात. हिवाळ्यात वेळा कमी असतात, शिवाय वटवाघळं झोपलेली असतात, तर टॉर्च त्यांच्यावर मारू नका, मधेच जागं झालं तर साठवलेली चरबी जळते आणि वसंतापर्यंत टिकणं अवघड होतं.

दिवस एकच असेल तर सकाळी स्लोउप आणि दुपारी मात्सोखा, याच क्रमाने. आधी पाणी आत जाताना बघा, मग बाहेर येताना. दरीच्या वरच्या कठड्यावर, जो १८८२ पासून आहे, सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढा, पण ही दरी म्हणजे पूर्वी एक प्रचंड गुहाच होती आणि तिचं छत कोसळलं हे तिथे आठवा. आत खालच्या थंड भिंतींवर कॉर्तुसा मात्थिओली नावाचं गुलाबी-जांभळ्या फुलांचं एक छोटं रोप आहे, हिमयुगापासून तिथेच टिकलेलं, चेक रिपब्लिकमध्ये दुसरीकडे कुठेही ते रानात उगवत नाही. वरून दिसणार नाही, पण तळाशी गेलात आणि फुलांचा सीझन असेल तर गाईडला विचारा.

पुंक्वा गुहांची बोटीची तिकिटं उन्हाळ्यात ऐन वेळी मिळत नाहीत, आधी ऑनलाइन बुक करा. स्लोउपला गर्दी बरीच कमी असते, तिथली टूर मोठी घ्या, छोटी नको.